शनिवारपुरती महागाई

"डेनिस, तुझंच खरं होतं," जेराल्ड फोनवरून म्हणाला आणि उत्तर इंग्लंडमधल्या हल शहरातल्या आपल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात बशा पुसत उभ्या असलेल्या डेनिस पिकरिंगने हातातली बशी आधी खाली ठेवली.

जेराल्ड म्हणजे डेनिसचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. लग्नाच्या दिवसापासून आजवर त्याने डेनिसचं काहीही खरं आहे असं कधी म्हटलेलं नव्हतं. डेनिसने हवा गार आहे म्हटलं, तरी जेराल्ड आधी खिडकीबाहेर हात काढून बघायचा आणि मग "तशी फार नाही" असं सांगायचा.

"कशाबद्दल म्हणतोयस तू?" डेनिसने जपून विचारलं.

"महागाईबद्दल रे! दर नाताळला तू सांगतोस ना, आम्ही लंडनवाले वेडे आहोत म्हणून. आमच्या एका खोलीच्या भाड्यात तुमच्याकडे तीन मजली घर येतं, साडेतीन पौंडांत बिअर मिळते म्हणून. परवा घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं. मग मी म्हटलं, बघू तरी. तर काय, तुमच्या शेजारचंच घर विकायला काढलंय!"

"मिसेस हेबलव्हाइटचं?"

"तेच. मधली भिंतसुद्धा सामाईक. शनिवारी येतो, गाव बघतो आणि पटलं तर घेऊनच टाकतो. आता म्हातारपणी रोज भेटत जाऊ, डेनिस. तुला बऱ्याच गोष्टी नीट समजावून सांगायच्या राहिल्यात."

फोन बंद झाला. डेनिसने त्या सामाईक भिंतीकडे पाहिलं. ती नावालाच भिंत होती. पलीकडे मिसेस हेबलव्हाइट शिंकल्या की डेनिस इकडून "जपा हं" म्हणायचा आणि त्या तिकडून "हो रे बाळा" म्हणायच्या. आता त्या मुलीकडे राहायला निघाल्या होत्या आणि त्यांच्या जागी जेराल्ड शिंकणार होता. जेराल्ड नुसता शिंकला असता तरी डेनिसने सोसलं असतं. पण आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसलेल्या या माणसाला जगातल्या प्रत्येक विषयावर मत होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. एकदा वेल्सला तिघांनी मिळून आठवडाभर कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेतली होती. डेनिसची सारी हयात कॅराव्हॅनच्या कारखान्यात कपाटांची दारं बसवण्यात गेलेली. त्याला जेराल्डने त्या आठवड्यात कॅराव्हॅनच्या कपाटाचं दार कसं लावायचं हे रोज शिकवलं होतं.

अशा माणसापुढे डेनिसकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे हलची स्वस्ताई. ते त्याने दर नाताळला मनसोक्त परजलं होतं आणि आता ते त्याच्याच पायावर पडलं होतं.

लिनेट, म्हणजे डेनिसची बायको, सगळं ऐकत टेबलाशी बसली होती. "येतोय तर येऊ दे," एवढंच म्हणून ती फोन घेऊन वर निघून गेली. डेनिसला तिची दया आली. सख्खा भाऊ शेजारी येतोय म्हणून बिचारीला आनंद झाला असणार, नवऱ्याकडे बघून ती तो दाखवत नाही एवढंच. आपण तिच्या भावाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि जे करायचं ते गुपचूप करायचं, असं त्याने ठरवलं.

करायचं होतं ते तसं सोपं होतं. जेराल्ड स्वस्ताईसाठी येत होता. मग शनिवारी एक दिवस हल महाग करायचं, की झालं.

डेनिस थेट 'सेव्हन हेरिंग्ज'मध्ये गेला. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी त्या पबमधला कोपरा त्याचा असे. तिथे त्याच्याशी कोणी बोलत नसे आणि तो कोणाशी बोलत नसे, आणि दोन्ही बाजू या मैत्रीवर खूश होत्या. पबची मालकीण ब्रेंडा पेले पुसत होती.

"शनिवारी माझा मेहुणा येणार आहे. त्याच्यासमोर बिअर दुप्पट किमतीला दे."

"दुप्पट? अरे राजा, या गावात मी पाच पेन्स वाढवले तर लोक महिनाभर माझ्या तोंडाकडे बघत नाहीत."

"फक्त त्याच्यासमोर गं. वरचे पैसे मी नंतर येऊन परत नेईन."

"हो हो, ने की," ब्रेंडा म्हणाली. ज्या तत्परतेने ती हे म्हणाली, त्यावरूनच डेनिसने सावध व्हायला हवं होतं.

कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानाचा मालक अँड्रियास याला तर फार समजवावंही लागलं नाही. त्याचे आईवडील सायप्रसहून आलेले, पण तो जन्माने हलचाच. "नाटकात काम करायची मला लहानपणापासून हौस," तो डोळे चमकावत म्हणाला. "तू फक्त त्याला घेऊन ये, डेनिस. बाकी माझ्यावर सोड." हेही डेनिसने त्याच्यावर सोडायला नको होतं.

शनिवारी जेराल्ड हातात छत्री आणि चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा भाव घेऊन गाडीतून उतरला. स्टेशनबाहेर येताच हलच्या वाऱ्याने छत्री उलटी केली.

"बस कुठली घ्यायची? माझ्याकडे ज्येष्ठांचा पास आहे," जेराल्ड म्हणाला. "देशभर फुकट."

हे डेनिसच्या ध्यानातच आलं नव्हतं. सरकारने फुकट केलेली वस्तू महाग कशी करायची? एक क्षण त्याचं डोकंच चालेना. मग ते नको तितकं चाललं.

"पास चालतो," तो म्हणाला, "पण उभं राहायला. बसायचे पैसे वेगळे."

"बसायचे वेगळे?"

"आणि खिडकीशी बसायचे त्याहून वेगळे. आम्ही तर चालतच जातो बाबा."

मग ते दोघं चालत निघाले. समोरून वाऱ्याने नाकं लाल केली आणि बाजूने अर्ध्या रिकाम्या बसगाड्या एकामागून एक गेल्या. त्यातल्या एका बसमध्ये मिसेस हेबलव्हाइट ऐसपैस खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला.

"काय थाट आहे बाईंचा!" जेराल्ड म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. डेनिसला वाटलं, त्याला थंडी वाजतेय.

चिप्सच्या दुकानाशी पोचेपर्यंत दोघांनाही कडकडून भूक लागली होती. दारातच अँड्रियास उभा होता, कोट चढवून आणि गळ्यात बो बांधून. त्याच्या मागे खडूने लिहिलेला नवा फळा होता. चिप्स दुप्पट. पॅटी दुप्पट. पॅटी म्हणजे सेज नावाचा सुगंधी पाला घालून तळलेला आपला बटाटेवडाच, फक्त मिरचीशी जन्माचं वैर असलेला. खाली आणखी ओळी होत्या. मीठ वेगळं. व्हिनेगर वेगळं. आणि हलची माणसं ज्याच्याशिवाय बटाट्याला हात लावत नाहीत तो लाल चिप मसाला चिमटीच्या हिशोबाने.

"या साहेब, या!" अँड्रियासने कमरेत वाकून जेराल्डला खुर्ची ओढून दिली. "इथे बसा. इथून नदीचा देखावा आहे. त्याचा थोडा आकार पडतो."

जेराल्डने खिडकीतून पाहिलं. समोर टायरचं दुकान होतं. "नदी कुठाय?"

"दुकानामागे. दिसत नाही, म्हणून तर निम्माच आकार लावतो."

डेनिसने त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण ती जेराल्डला लागली. अँड्रियास आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने पॅटी आणली ती चांदीच्या ताटलीत, बहुधा त्याच्या आईच्या. मसाला घालताना तो एकेक चिमूट मोठ्याने मोजत होता आणि दर चिमटीला डेनिस मनातल्या मनात बेरीज करत होता. पाहुण्याला पैसे देऊ द्यायची रीत नाही, तेव्हा हे सगळं त्याच्याच खिशातून जायचं होतं. दुकानातल्या लोकांसमोर अँड्रियासने पैसे मोजून घेतले आणि वर हळूच विचारलं, "कसं झालं काम?"

"मिठाचेसुद्धा वेगळे लावतात," जेराल्ड बाहेर पडताना म्हणाला. "हुबेहूब आमच्या लंडनच्या क्रॉयडनसारखं." आणि तो चक्क हसला. डेनिसला वाटलं, हा टोमणा मारतोय. आता एक पब झाला की स्वारी संध्याकाळच्या गाडीने परत, या कल्पनेने त्याच्या पायांत बळ आलं.

'सेव्हन हेरिंग्ज'मध्ये शनिवारची गर्दी होती. इंग्लंडमध्ये पबात गेलं की पाळी असते. एका फेरीला एकाने सगळ्यांचे पेले भरायचे, पुढच्या फेरीला दुसऱ्याने. पाळी चुकवणाऱ्याला इथे चोरापेक्षा खालचा मानतात. जेराल्डने मात्र यावर कायमचा तोडगा काढला होता. त्याची पाळी आली की त्याला लघवीला लागायचं.

"दोन बिअर," डेनिसने मागितल्या.

"चौदा पौंड," ब्रेंडा खणखणीत आवाजात म्हणाली.

बारला टेकून म्हातारा विल्फ उभा होता. गोदीत काम करून त्याला कमी ऐकू यायचं, आणि गेल्या हिवाळ्यापासून तो कोणाशी एक शब्द बोललेला नव्हता. पण काही शब्द बहिऱ्यालाही ऐकू जातात.

"किती?" विल्फ ओरडला. "चौदा? ब्रेंडे, काल साडेतीनला एक दिलीस की मला!"

सगळा पब वळून बघायला लागला. जेराल्डने भुवया उंचावल्या.

"ब्रेंडा," तो घाईघाईने म्हणाला, "विल्फची माझ्याकडून."

विल्फने पेल्याकडे पाहिलं, मग डेनिसकडे पाहिलं आणि एक घोट घेतला. "सात पौंड," तो समाधानाने म्हणाला. "अगदी योग्य भाव आहे." पेला घेऊन तो कोपऱ्यात डॉमिनो खेळणाऱ्यांकडे गेला आणि त्यांच्या कानाशी लागला.

डॉमिनोवाल्यांतला पहिला माणूस लगेच उठून बारशी आला. "एक बिअर. काय? सात पौंड? अगं आई गं, मेलो!" त्याने छातीवर हात ठेवला आणि डेनिसकडे वळून वाट बघत उभा राहिला.

"माझ्याकडून," डेनिस दात ओठ खात म्हणाला.

दुसरा आला. त्याला किंमत ऐकून भोवळ आली. तिसऱ्याने "पोलिसांना बोलवा!" असा धोशा लावला आणि पेला हातात पडताच पोलिसांचा नाद सोडला. मॉरीन नावाची एक बाई डॉक्टरांनी तंबी दिल्यापासून नुसतं टॉनिक पाणी पीत असे. तिने दुसऱ्यांच्या बिअरची किंमत ऐकूनच आपल्याला धक्का बसला असं जाहीर केलं आणि धक्क्यावर ब्रँडी लागते असंही सांगितलं. समोरच्या पबमध्ये डार्ट्सचा, म्हणजे चकतीवर बाण फेकायचा, सामना चालला होता. तो अर्धवट टाकून दोन्ही संघ आत शिरले आणि बारपुढे ओळ लावून एकेक करून किंकाळ्या फोडायला लागले. तेवढ्यात जेराल्डचा पेला संपला, म्हणजे त्याची पाळी आली, आणि तो लघवीला गेला.

"ब्रेंडा, बास," डेनिस कळवळून कुजबुजला.

"मी काय करू राजा? त्याच्यासमोर दुप्पट, असंच ठरलं होतं ना?"

एवढ्यात जेराल्ड लघवीहून परतला. सगळा पब पेले उंचावून डेनिसच्या नावाने गात होता. जेराल्ड बराच वेळ ते बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं.

"ही इथली पद्धत आहे?"

"हो," डेनिस खिसे चाचपत म्हणाला. "रोजची."

घरी लिनेटने चहा तयार ठेवला होता. जेराल्डने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि बहिणीकडे बघून मान हलवली.

"लिनी, तू मला गुरुवारी फोनवर खोटं सांगितलंस."

लिनेटच्या हातातली किटली तशीच राहिली. डेनिसने तिच्याकडे पाहिलं. गुरुवारी? फोनवर?

"तू म्हणालीस, इथे सगळं स्वस्त आहे, कारण सगळं टाकाऊ आहे. घर घेशील तर फसशील, इथे भल्या माणसाला राहणं शक्य नाही. भाड्याला वैतागून मी स्वस्ताईच्या मागे लागलो होतो खरा, पण तुला माहितीय, स्वस्तातल्या टाकाऊ वस्तूला मी हात लावत नाही. एकदा स्वस्त मोजे घेतले होते, पहिल्याच धुण्यात बोटं बाहेर आली. खरं सांगतो, मी आज नुसता नाही म्हणायला आलो होतो."

"मग?" लिनेटने बारीक आवाजात विचारलं.

"मग काय! गाव दर्जेदार आहे. बसमध्ये बसायलासुद्धा पैसे मोजणारी माणसं आहेत. चिमटीवर मसाला, चांदीच्या ताटल्या! बिअरला सात पौंड, आणि तुझा नवरा तीन डझन लोकांना ती पाजतो आणि त्याच्या डोळ्याची पापणी लवत नाही. डेनिस, एवढी वर्षं तू विनयाने स्वस्त स्वस्त म्हणत होतास. मी तुला ओळखलंच नाही रे." त्याने डेनिसचा हात हातात घेतला. "मी मिसेस हेबलव्हाइटना भेटून येतो. मागतील ती किंमत देणार, वर थोडी जास्तच देईन. स्वस्तात घेतलेल्या घरात मला झोप लागायची नाही."

तो गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मिसेस हेबलव्हाइटचा आनंदाचा चीत्कार स्वच्छ ऐकू आला.

"तू त्याला सगळं टाकाऊ म्हणून सांगितलंस?" डेनिस म्हणाला.

"तू त्याला सगळं महाग करून दाखवलंस?" लिनेट म्हणाली.

"अगं, मला आधी सांगायचं!"

"तू सांगितलंस मला? मला वाटलं, तुला बोलायला कोणीतरी हवंय. दर नाताळला फोनला चिकटलेला असतोस."

"तो तुझा भाऊ आहे! मला वाटलं, तुला आवडेल."

"माझा भाऊ आहे, म्हणूनच तर!" लिनेट म्हणाली आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आपल्या बायकोवर आपलं फार प्रेम आहे हे डेनिसला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. अर्थात, त्यात गेलेल्या पैशांचंही थोडं होतंच. दुसऱ्या दिवशी वरचे पैसे मागायला तो ब्रेंडाकडे गेला, तर ती म्हणाली, "ते होय? ते तर डार्ट्सवाल्यांनी तुझ्याच नावाने पिऊन टाकले."

वसंतात जेराल्ड राहायला आला. सामान लावून झालं, डेनिसच्या अंगणातली खोपटी चुकीच्या दिशेला तोंड करून आहे हेही सांगून झालं, आणि एका सोमवारी तो एकटाच गाव फिरायला बाहेर पडला. आता सगळं उघडकीला येणार, या भीतीने डेनिसला दिवसभर अन्न गोड लागेना.

संध्याकाळी दार वाजलं. जेराल्ड आत आला तो लग्नघरातून आल्यासारखा फुललेला होता. मात्र डेनिसवर नजर पडताच त्याने चेहऱ्यावर सहानुभूती आणली.

"डेनिस, बस. तुला एक सांगायचंय, मनाला लावून घेऊ नकोस."

डेनिस बसला.

"मी आज पबात गेलो. माझ्याकडून बिअरचे किती घेतले असतील? साडेतीन! निम्मे! मला वाटलं, ब्रेंडाची चूक झाली. मग चिप्सच्या दुकानात गेलो. तिथेही निम्मे, आणि मसाल्याची अख्खी बाटली समोर ठेवली. बसमध्ये तर ड्रायव्हर स्वतः म्हणाला, बसा साहेब. खिडकीशी! एक पेनी घेतली नाही." त्याने आवाज खाली आणला. "ते मला मानतात, डेनिस. मी येऊन पंधरा दिवस नाही झाले आणि गावाने मला आपला म्हटलंय. आणि तू? जन्म काढलास इथे, आणि तुला दुप्पट लावतात. तू काय वाकडं केलंस रे या लोकांचं?"

डेनिसने तोंड उघडलं. खरं सांगावं तर आजवरचा सगळा बनाव सांगावा लागणार होता, आणि तो ऐकल्यावर जेराल्डला पुढची वीस वर्षं बोलायला विषय मिळणार होता. त्याने तोंड मिटलं.

"घाबरू नकोस. मी आहे ना," जेराल्डने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "मी ब्रेंडाशी बोललो. म्हटलं, माझ्या मेहुण्यालाही माझ्याच भावात द्या. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. भारी प्रेमळ बाई. ती म्हणाली, देईन, पण तुम्ही बरोबर असाल तेव्हाच. अँड्रियासलाही तीच अट घालायला सांगितलीय तिने. तेव्हा आजपासून एकट्याने कुठे जायचं नाही. रोज दुपारी मी येतो, आपण बरोबर जाऊ. तुझ्या त्या कोपऱ्यात मी खुर्ची टाकायला सांगितलीय. चल, आज पहिला दिवस."

डेनिसने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. लिनेटने एकवार भावाकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे, आणि मग आपल्या शांत, रिकाम्या होऊ घातलेल्या घराकडे. ती उठली, खुंटीवरचा कोट काढून तिने डेनिसच्या हातात दिला आणि मायेने त्याची कॉलर सारखी केली.

"जा बाबा लवकर," ती म्हणाली. "निम्म्यात पडतंय."